बारशाचा डबा, तोर्चेल्लोपर्यंत

व्हेनिसला जाऊन मी व्हेनिस पाहिलं ते जेमतेम अर्धा तास, तेही बोटीचा धक्का शोधत घाईघाईनं चालताना. लोक जे बघायला जातात, तो मोठा चौक, तो संगमरवरी पूल, त्या काळ्या लांबट होड्या, यांतलं मला काहीही सांगता येणार नाही. आम्ही गेलो होतो ते शहराच्या मागच्या उथळ खाडीतल्या बेटांवर पायी फिरायला. तीन दिवस, दहा माणसं, आणि पुढं काठीला पिवळं फडकं बांधून चालणारी एक गाइड. ती गाइड म्हणजे माझी मुलगी मुक्ता. हे वाक्य मी इथं पहिल्याच परिच्छेदात लिहून टाकतो, कारण तिथं ते तोंडातून बाहेर पडायला मला तीन दिवस लागले.

मी भूलतज्ज्ञ. सगळी हयात बेसिंगस्टोकला लोकांना झोपवण्यात गेली, आता निवृत्त आहे. मुलगा लीड्सला ऑर्थोपेडिक सर्जन. मुक्तानं फार्मसी केली, दोन वर्षं नोकरी केली, आणि एका सुट्टीत पंधरा दिवसांसाठी इटलीला गेली ती तिथंच राहिली. ब्रेक्झिटच्या थोडं आधी गेली म्हणून तिला राहता तरी आलं. एका छोट्या ब्रिटिश कंपनीसाठी ती बेटांवर लोकांना चालवत न्यायची. सहा वर्षं. त्या सहा वर्षांत तिची आई, सुनंदा, दरवर्षी जाऊन आली. मी एकदाही गेलो नाही. मंडळाच्या कार्यक्रमात कुणी विचारलं तर मी ‘मुलगी हेरिटेजमध्ये आहे’ असं सांगायचो आणि पुढचा प्रश्न यायच्या आत बटाटेवड्यांच्या टेबलाकडं सरकायचो.

आणि दर रविवारी फोनवर तिला विचारायचो, ‘मग? पुढं काय ठरवलंयस?’ नोकऱ्यांच्या जाहिरातींच्या लिंका पाठवायचो. गेल्या उन्हाळ्यात मुक्ताचा फोन आला. ‘बाबा, मला जॉब मिळाला. क्रॉयडनला. इन्शुरन्स कंपनी, पेन्शन वगैरे आहे. तुम्ही पाठवलेली लिंकच होती. हॅपी?’

मी हॅपी होतो. खोटं कशाला सांगू, त्या रात्री मला छान झोप लागली.

‘ऑक्टोबरमध्ये माझा लास्ट ग्रुप आहे,’ ती म्हणाली, ‘एकदा तरी या ना.’

सुनंदानं बेसनाचे लाडू केले आणि माझी बॅग भरता भरता म्हणाली, ‘दरवेळी मीच गेले. या वेळी तुम्ही एकटे जा. आणि अहो, तिथं जाऊन तिला शिकवू नका काही. नुसतं बघा.’

धक्क्यावर

विमान उशिरा पोचलं, त्यामुळे मुक्ताला भेटायचं ते थेट दुसऱ्या दिवशी सकाळी, शहराच्या उत्तर टोकाच्या बोटीच्या धक्क्यावर. मी नेहमीप्रमाणे अर्धा तास आधी हजर. पाठीवरच्या सॅकमध्ये लाडवांचा डबा. समोर राखाडी पाणी, त्यात दूरवर चिखलात रोवलेले लाकडी खांब, आणि पलीकडं जमीन म्हणावी की धुकं असा एक पट्टा.

ग्रुपमधली दोन माणसं आधीच आली होती. बाई पंजाबी ड्रेसवर जाड जॅकेट घातलेल्या, आणि नवऱ्याला सांगत होत्या, ‘अहो, गोळी घेतलीत का?’ परदेशात पाठमोऱ्या माणसाकडून ‘अहो’ ऐकलं की आपण काही गप्प बसत नाही. मी ओळख करून घेतली. अविनाश सबनीस, एजवेअर, कौन्सिलमधून निवृत्त. शुभदाताई, नर्सरी चालवायच्या. पहिल्या मिनिटात आडनाव, दुसऱ्यात पुण्यातली पेठ, तिसऱ्यात गुडघे. चौथ्या मिनिटाला शुभदाताईंनी तो प्रश्न विचारला, जो आपल्याकडं विचारल्याशिवाय ओळख पुरी होतच नाही.

‘मग डॉक्टर, मुलं काय करतात?’

‘मुलगा लीड्सला कन्सल्टंट आहे. मुलगी...’ जीभ सवयीनं वळली, ‘मुलगी क्रॉयडनला इन्शुरन्समध्ये. आत्ताच लागली.’

‘अरे वा!’ सबनीस म्हणाले. ‘दोन्ही सेटल्ड. लकी आहात बुवा. आमचा धाकटा अजून बँडमध्ये ड्रम वाजवतोय.’

तेवढ्यात मागून आवाज आला, ‘गुड मॉर्निंग, एव्हरीवन!’ पिवळं फडकं, पायात चिखलाचे बूट, उन्हानं रापलेला चेहरा, केस आखूड कापलेले. माझी मुलगी माझ्याकडं बघून अशी हसली की तिचे सगळे दात दिसले. ती पुढं येणार, एवढ्यात शुभदाताई म्हणाल्या, ‘अगंबाई, ही तर आपल्यातली दिसतेय! काय गं, मराठी का तू? कुणाची गं?’

मुक्तानं माझ्याकडं पाहिलं. आता मी बोलायचं होतं. ‘माझी’ एवढाच शब्द. पण मी त्याच बाईंना अर्ध्या मिनिटापूर्वी क्रॉयडन सांगून बसलो होतो. आता ही माझी मुलगी म्हटलं, तर ‘मग इन्शुरन्सचं काय?’ आलं, ‘सहा वर्षं गाइड?’ आलं, ‘फार्मसी सोडून?’ आलं. हे सगळं माझ्या डोक्यात एका क्षणात येऊन गेलं, आणि मी वाकून बुटाची नाडी बांधायला लागलो. नाडी बांधलेलीच होती.

वरून मुक्ताचा आवाज आला. ‘हो, मराठी. मुक्ता. आईबाबा हॅम्पशायरला असतात.’ मग अगदी सहज, ‘आणि तुम्ही डॉक्टर लिमये ना? वेलकम.’

चाळीस वर्षं मी लोकांना सांगत आलो की भूल देताना काही दुखत नाही, उतरताना थोडं दुखतं. माझी उतरायला फार वेळ लागला नाही. बोट सुटायच्या आतच दुखायला लागलं होतं. पण तोवर ती इतरांशी हात मिळवत पुढं गेली होती, आणि लाडवांचा डबा माझ्या पाठीवरच राहिला.

लाझारेत्तो नुओवो

पहिलं बेट असं की तिथं बोट सांगितलं तरच थांबते. झाडी, चिखलाच्या कडेनं बेटाभोवती जाणारी पायवाट, आणि मधोमध गोदामासारखी एक लांबच लांब इमारत. प्लेगच्या काळात बाहेरून येणारी जहाजं इथं अडकवून ठेवायची. माल उघड्यावर वाळवायचा, रोझमेरीच्या नि जुनिपरच्या धुरात धुपवायचा, आणि माणसांनी चाळीस दिवस थांबायचं. कुणी आजारी पडलं नाही तर पुढं जायचं. क्वारंटाइन हा शब्द मी नोकरीभर वापरला, पण तो जिथं रुजला तिथं कधी उभा राहीन असं वाटलं नव्हतं.

आतल्या भिंतींवर तिथं थांबलेल्या लोकांनी लाल रंगानं नावं लिहिली आहेत, जहाजं काढली आहेत. मुक्ता भिंतीजवळ उभी राहून बोलत होती, आणि मी इतरांसारखाच अर्धवर्तुळात उभा राहून ऐकत होतो. ती इतकी हळू बोलत होती की सगळे आपोआप दोन पावलं पुढं सरकले. तिनं एकही सन सांगितला नाही. म्हणाली, ‘इथं थांबलेल्या माणसाला प्लेगची भीती होतीच. पण त्याहून मोठी भीती असेल, की पलीकडं आपली वाट बघणारं कुणी आहे की नाही. म्हणून नाव लिहायचं. मी इथे आहे, एवढंच.’

हे ती इंग्रजीत म्हणाली. एका इंग्रज बाईंनी चष्मा काढून पुसला. शुभदाताई माझ्या कानाशी म्हणाल्या, ‘काय गोड बोलते हो पोरगी. आईबाप पुण्यवान.’

‘हो ना,’ मी म्हणालो.

पिकतं तिथं विकत नाही म्हणतात. मी तर ते पीक कधी बघायलाही आलो नव्हतो. तिनं शाळेत असताना एकदा टेम्सच्या उगमावर दहा मिनिटं भाषण केलं होतं आणि मी मागं बसून पेजर बघत होतो, ते मला तिथं, त्या गोदामात आठवलं.

संध्याकाळी खोलीवरून तिला फोन केला. ‘अगं, मला सुचलंच नाही सकाळी. त्या बाईंनी एकदम विचारलं...’

‘इट्स फाइन, बाबा.’

‘उद्या सांगतो मी त्यांना.’

‘ओके. उद्या जाड मोजे घाला. तिकडे खूप मड असतो.’

रागावली असती तर बरं झालं असतं. मी पेशंटशी बोलायचो तसंच ती माझ्याशी बोलत होती.

सांत एराज्मो

दुसरा दिवस भाजीपाल्याच्या बेटावर. व्हेनिसला भाजी पुरवणारं हे बेट. लांबट, सपाट, आणि इतकं शांत की सायकलची चेन वाजलेली ऐकू येते. दोन्हीकडं आर्टिचोकची काटेरी पानं, कोबी, द्राक्षांच्या रांगा, मधून पाट. पाटांच्या तोंडाशी लाकडी झडपा, भरतीचं खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून. आपल्याकडं कोकणात खारभूमीला बांध घालतात आणि उघाडी ठेवतात, तेच तंत्र. मी तसं म्हणालो तर मुक्ता थांबली आणि सगळ्यांना म्हणाली, ‘डॉक्टर लिमये सांगतायत की इंडियातही असंच करतात. प्लीज, सांगा ना.’ मी पाच मिनिटं बोललो. तिनं मन लावून ऐकलं. मला बोलायला जागा करून देणं हे तिचं कामच होतं, ती ते सगळ्यांसाठी करायची, पण मी उगाच फुशारलो.

सकाळपासून मी शुभदाताईंना सांगायची संधी शोधत होतो. म्हणजे संधी आली की दुसरी शोधत होतो. आता नुसतं ‘ही माझी मुलगी’ म्हणून भागणार नव्हतं, काल का नाही सांगितलं हेही सांगावं लागणार होतं.

जेवण होतं ब्रूना नावाच्या बाईच्या शेतावर. सत्तरीच्या, ठेंगण्या, एप्रनला माती लागलेल्या. मुक्ताला फाटकातच त्यांनी कवटाळलं, तिचे दोन्ही गाल हातात धरले, आणि डोळे पुसत भराभरा काही बोलल्या. सहा वर्षं दर आठवड्याला ही मुलगी त्यांच्या अंगणात माणसं घेऊन येत होती, आणि आज शेवटचं. मग ब्रूनाबाईंनी मान उंच करून आमच्या घोळक्यात कुणाला तरी शोधलं. माझ्यावरून त्यांची नजर गेली, कारण मी नेमका एका उंच इंग्रजाच्या मागं होतो. पुढं सबनीस उभे होते. बाई तरातरा गेल्या, सबनिसांचे दोन्ही हात हातात घेतले आणि म्हणाल्या, ‘पापा! पापा दी मुक्ता!’

इटालियन मला येत नाही, पण एवढं समजायला येण्याची गरजही नव्हती. सबनीस गोंधळून हसले. ‘नो, नो! आयम जस्ट अ टूरिस्ट!’ सगळे हसले. मुक्ता पटकन पुढं झाली, ब्रूनाबाईंच्या खांद्यावर हात ठेवून दोन वाक्यं बोलली. बाईंचा चेहरा उतरला. त्यांनी सबनिसांचे हात सोडले आणि मुक्ताच्या पाठीवरून हात फिरवला.

‘आयती मुलगी मिळत होती मला,’ सबनीस मराठीत म्हणाले, ‘घालवली!’ शुभदाताई हसल्या, मीही हसलो. त्या हसण्याची मला अजून लाज वाटते.

मांडवाखाली जेवण झालं. लाल भोपळ्याचा रिसोतो, म्हणजे आसट भातच तो, तळलेले छोटे मासे, घरची पांढरी वाइन. भोपळा इतका गोड की सुनंदा असती तर तिनं घारगे करायचा विषय काढला असता. जेवण संपत आलं तेव्हा मला युक्ती सुचली. लाडू मुक्ताच्या तोंडात जायचे राहिले होते. मी सॅकमधून डबा काढला आणि म्हणालो, ‘इंडियन स्वीट्स! माझ्या बायकोनं केलेत. घ्या सगळ्यांनी.’ डबा फिरत फिरत मुक्तापाशी पोचला. तिनं लाडू घेतला, झाकणाकडं बघितलं, आणि झाकणावरून एकदा अंगठा फिरवला. मग डबा पुढं दिला. लाडू तिनं अगदी हळूहळू खाल्ला.

मला वाटलं, जमलं. आपण हुशार.

त्या झाकणाबद्दल सांगायला हवं. मुक्ताचं बारसं बेसिंगस्टोकला हॉस्पिटलच्या क्वार्टरमध्ये झालं. माझी आई पुण्याहून बारशाला वाटण्यासाठी स्टीलचे पंचवीस डबे घेऊन आली, प्रत्येकाच्या झाकणावर बोहरी आळीतून नाव घालून आणलेलं. तेव्हा बेसिंगस्टोकात डबा द्यावा अशी मराठी घरं मोजून आठ. उरलेले सतरा डबे आमच्याच घरात राहिले. त्यांत चहा राहिला, साखर राहिली, मुलांच्या शाळेचा खाऊ राहिला. इतकी वर्षं रोज डोळ्यांसमोर असल्यानं झाकणावर काय लिहिलंय ते दिसायचंच बंद झालं होतं. सुनंदानं लाडू भरले ते त्यांतल्याच एका डब्यात. झाकणावर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं होतं: ‘चि. मुक्ता लिमये, बारसे’.

लाडू संपले तसे शुभदाताई उठल्या. ‘द्या इकडे डॉक्टर, तुपाचा हात लागलाय, विसळून आणते नळावर.’ मी ‘कशाला, कशाला’ म्हणतोय तोवर त्या डबा घेऊन गेल्याही. बऱ्याच वेळानं परत आल्या. ‘ओला आहे, माझ्याच बॅगेत राहू दे, वाळला की देते,’ म्हणाल्या, आणि माझ्याकडं न बघता नवऱ्याशेजारी बसल्या.

परतीच्या वाटेवर मी मुक्ताला गाठलं. बाकीचे पुढं होते.

‘ब्रूनाबाईंना काय सांगितलंस तू?’

‘सांगितलं की बाबांना जमलं नाही.’ ती चालतच होती. ‘मी त्यांना मागचा महिना सगळा सांगत होते ना, बाबा येणार, बाबा येणार. त्यांनी ते भोपळा तुमच्यासाठी ठेवलेला होता.’

‘मग मी आत्ता जाऊन...’

‘बाबा, बोट चुकेल. दहा लोकं आहेत.’

माझोर्बो, बुरानो

तिसऱ्या दिवशी ऊन पडलं. माझोर्बोवर भिंतीआड द्राक्षाचा मळा आहे, त्याला लागून जुन्या चर्चचा एकटाच उरलेला मनोरा. तिथून लाकडी पुलावरून बुरानो. घरं सगळी एकाशेजारी एक जांभळी, पिवळी, डाळिंबी, पोपटी, आणि दारांना पडदे. दारात खुर्च्या टाकून दोन म्हाताऱ्या लेस विणत होत्या. त्यांनी मुक्ताला हाक मारली, एकीनं तिच्या हातात काहीतरी कागदात गुंडाळून दिलं. तांबड्या दारातून एक बाप्या बनियनवर बाहेर आला आणि तिला मिठी मारून आत गेला. मी तीन दिवस मोजत होतो की या मुलीला किती लोक ओळखतात. बुरानोत मी मोजायचं सोडून दिलं.

माझ्या मनात सहा वर्षं तिचं चित्र होतं ते असं, की उन्हातान्हात छत्री धरून उभी आहे आणि लोक तिच्याकडं न बघता फोटो काढतायत. मी ज्या जगात वाढलो तिथं दुसऱ्यांना देऊळ दाखवणारा माणूस हात पुढं करून मागं मागं येतो. मी माझ्या मुलीला त्या रांगेत उभं केलं होतं, आणि कधी येऊन खात्री करायचे कष्टही घेतले नव्हते.

मी ठरवलं. तोर्चेल्लोला जेवायला बसलो की उभं राहायचं आणि सगळ्यांसमोर सांगायचं. वाक्यंसुद्धा पाठ केली.

तोर्चेल्लो

बुरानोहून तोर्चेल्लो पाच मिनिटं. एके काळी इथं मोठं गाव होतं म्हणे, व्हेनिसच्याही आधीचं. आता बोटीतून उतरलं की पाण्याच्या कडेनं एक विटांची वाट, वाटेवर कठडा नसलेला एक पूल, आणि शेवटी गवतात उभं हजारएक वर्षांचं चर्च. माणसं खाडीच्या गाळाला आणि तापाला कंटाळून दगड-विटा काढून घेऊन निघून गेली. मुक्ता म्हणाली की आता इथं कायमचं राहणारी माणसं बोटांवर मोजण्याइतकी.

त्या बिनकठड्याच्या पुलाच्या मधोमध मी थांबलो. मुक्ता मागं वळून आली. ‘डॉक्टर, हात द्या.’ मी हात दिला. तिचा हात खरखरीत होता, कामाच्या माणसाचा. पूल उतरल्यावर तिनं तो सोडला आणि मागच्या इंग्रज बाईंसाठी पुढं केला.

चर्चमध्ये एका टोकाला भिंतभर सोनेरी तुकड्यांमध्ये एकटी उभी मेरी आहे, आजूबाजूला कुणी नाही, नुसतं सोनं. मी बराच वेळ बघत बसलो. देवळात कळसाखाली बसल्यावर जसं काही मागायचं सुचत नाही, तसं झालं.

बाहेर गवतावर टेबलं मांडली होती. मुक्ता अजून तिकिटांचं बघायला खिडकीपाशी होती. मी मनात वाक्यं जुळवत खुर्ची मागं सारली, आणि त्याच वेळी शुभदाताईंनी डबा माझ्यासमोर ठेवला. जड होता.

‘घ्या डॉक्टर. रिकामा कसा द्यायचा, म्हणून बुरानोत बिस्किटं घेतली. लोण्याची आहेत.’ त्यांनी झाकणावरचं नाव माझ्या बाजूला फिरवलं. ‘मुक्ताला द्या. तिचाच डबा आहे ना?’

मी झाकणाकडं पाहिलं. ठिपके उन्हात लख्ख दिसत होते.

‘काल नळावर वाचलं मी,’ त्या हळू आवाजात म्हणाल्या. ‘म्हटलं, सांगतील आज. बोटीत सांगतील. बुरानोत सांगतील. अहो, एवढी गुणाची पोर...’ सबनीस पाण्याच्या ग्लासात बघत होते.

‘हो,’ मी म्हणालो. ‘माझी मुलगी आहे.’

मग मी उभा राहिलो आणि पाठ केलेली वाक्यं म्हणून दाखवली. मुक्ता माझी मुलगी आहे, मला तिचा अभिमान आहे, वगैरे. इंग्रज मंडळींनी ‘ओह, हाऊ लव्हली!’ करत टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, शेवटच्या दिवसासाठी राखून ठेवलेलं सरप्राइज आहे. मुक्ता तिकिटं हातात घेऊन येत होती, ती थांबली. तिनं आधी डब्याकडं पाहिलं, मग शुभदाताईंकडं, मग माझ्याकडं. आणि हसली. तिचं ते हसणं मी तीन दिवस पाहत होतो. ते ती ग्रुपमधल्या सगळ्यांसाठी हसायची.

वरातीमागून घोडं. पकडलं गेल्यावर कबूल केलं, त्याला सांगितलं म्हणत नाहीत.

जेवणानंतर बोटीला अवकाश होता. धक्क्यावर आम्ही दोघंच बसलो. तिनं डबा उघडून एक बिस्किट मला दिलं, एक स्वतः घेतलं.

‘मुक्ता, नको जाऊस क्रॉयडनला.’

ती खाता खाता थांबली.

‘खरंच सांगतो. मला माहीत नव्हतं गं. मी पाहिलंच नव्हतं हे.’

‘बाबा,’ ती म्हणाली, ‘सहा वर्षं तुम्ही सांगितलं, परत ये. प्रत्येक संडे. मी रडले, आईशी भांडले, मग डिसाइड केलं. रूम सोडली. माझा ग्रुप्स एका दुसऱ्या मुलीला दिले. इकडचे पेपर्स एकदा सोडले की परत मिळायचा काही गॅरंटी नाही. आता तुम्ही तीन दिवस बघितलं आणि सांगता, नको जाऊ.’ तिनं हातावरचा चुरा पाण्यात झटकला. ‘मी किती वेळा पॅक करू?’

मी डब्याचं झाकण लावलं आणि म्हणालो, ‘निदान ब्रूनाबाईंना भेटून येऊ. मी सांगतो त्यांना, मी आलो होतो म्हणून.’

‘इथून आज डायरेक्ट बोट नाही तिकडे. आणि उद्या सकाळी आपली फ्लाइट आहे.’ मग तिनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. ‘असू दे. त्यांनी विचारलं होतं, कसे आहेत तुझे बाबा? मी सांगितलं, खूप बिझी असतात, पण चांगले आहेत.’

बोट आली. ती उठली, पिवळं फडकं वर धरून तिनं माणसं मोजली आणि सगळे चढल्यावर शेवटी स्वतः चढली. ब्रूनाबाईंच्या लेखी मुक्ताचा बाप आजही त्या बेटावर आलेला नाही.

एजवेअर

जानेवारीत शुभदाताईंनी हळदीकुंकवाला बोलावलं. सुनंदा म्हणाली, ‘चला, मुक्तालाही घेऊन जाऊ.’ पण मुक्ताला शनिवारी ऑफिसचं कसलं तरी ट्रेनिंग होतं. आता तिचा रविवारी फोन येतो. मी विचारतो, ‘कसं चाललंय?’ ती म्हणते, ‘ओके.’ काठी आणि फडकं तिच्या खोलीत दाराआड उभं असतं, सुनंदानं पाहिलं. डबाही तिथंच आहे, त्यात टी-बॅग्ज असतात.

बायका आत होत्या आणि आम्ही पुरुषमंडळी बाहेरच्या खोलीत तिळगूळ खात बसलो होतो. सबनिसांचे एक शेजारी, हॅरोचे कुणी कुलकर्णी, माझ्याकडं वळले. आडनाव झालं, पेठ झाली.

‘मग डॉक्टर, मुलं काय करतात?’

सबनिसांनी माझ्याकडं पाहिलं. मी सरसावून बसलो. या प्रश्नाची मी तीन महिने वाट बघत होतो.

‘मुलगी गाइड होती,’ मी म्हणालो. ‘व्हेनिसला. शहराबाहेरच्या बेटांवर लोकांना पायी फिरवायची. सहा वर्षं. तुम्ही ऐकायला हवं होतं तिला. बेटावरच्या म्हाताऱ्या दारातून उठून तिला भेटायला यायच्या.’

‘अरे वा, इंटरेस्टिंग,’ कुलकर्णी म्हणाले. ‘आणि आता?’

‘आता क्रॉयडनला. इन्शुरन्स कंपनीत.’

‘चला!’ त्यांनी माझ्या हातावर टाळी दिली. ‘सेटल झाली म्हणायची शेवटी. अभिनंदन, डॉक्टर.’

बाकीच्यांनीही अभिनंदन केलं. कुणीतरी तिळगुळाची वाटी पुढं केली, आणि मी ‘थँक यू’ म्हणालो.